‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ : चित्रपटगृहातली आवृत्ती दाखवावी की विस्तारित?

ताम्हण (मूळ लेखन)

पुढच्या शनिवारी संध्याकाळी कोथरूडला ताईच्या घरी आम्ही घरची मंडळी प्रोजेक्टर लावून ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन : डॉन ऑफ जस्टिस’ हा २०१६ सालचा चित्रपट पाहणार आहोत. त्याची कोणती आवृत्ती लावावी यावर घरात एकमत होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. चित्रपटगृहांत लागलेली आवृत्ती १५१ मिनिटांची आहे. त्याच वर्षी घरी पाहण्यासाठी ‘अल्टिमेट एडिशन’ या नावाने निघालेली विस्तारित आवृत्ती १८२ मिनिटांची आहे.

पाहणाऱ्यांपैकी बाबांनी आयुष्यभर रहस्यकथा वाचल्या आहेत, पण सुपरमॅन म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर जुन्या चित्रपटांतला ख्रिस्तोफर रीव्हच उभा राहतो. चौदा वर्षांच्या भाच्याला कॉमिक्समधल्या पात्रांची वंशावळ तोंडपाठ आहे, मात्र हा चित्रपट त्याने अजून पाहिलेला नाही. ताई आणि भावजींना लांबीची हरकत नाही, पण गोष्ट रेंगाळू लागली की दोघेही उठून स्वयंपाकघरात जातात. मी स्वतः प्रदर्शनाच्या वेळी छोटी आवृत्ती पाहिली होती, आणि सिनेटने चौकशी लावावी असा सुपरमॅनवर नेमका कोणता आरोप आहे, हे मला चित्रपट संपेपर्यंत उलगडले नव्हते.

पहिल्यांदाच पाहणाऱ्यांना यातली कोणती आवृत्ती दाखवावी? आणि कॉमिक्सवर बेतलेल्या चित्रपटांची लांब आवृत्ती उपलब्ध असेल तर तीच निवडावी, असा सरसकट नियम करता येईल का? प्रतिसादांत रहस्यभेद झाला तरी चालेल.

मुठाकाठ

या चित्रपटापुरते विचाराल तर डोळे झाकून विस्तारित आवृत्ती लावा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका ओळीत देता येणार नाही.

पर्वतीपायथा

मुठाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत आहे. ताम्हण, तुम्हाला आरोप उलगडला नाही याचे कारण सरळ आहे : तो उलगडणारे प्रसंगच छोट्या आवृत्तीतून काढून टाकले आहेत.

नैरोमी या काल्पनिक आफ्रिकी देशातला सुरुवातीचा भाग आठवा. बातमीदार लुईस लेन एका बंडखोर म्होरक्याची मुलाखत घ्यायला जाते, तिच्याबरोबरचा छायाचित्रकार हेर निघतो, गोळीबार होतो आणि सुपरमॅन येऊन तिला सोडवतो. पुढे अमेरिकेत तिथल्या मृत्यूंचा ठपका सुपरमॅनवर येतो. छोट्या आवृत्तीत आपण माणसे गोळ्यांनी मेलेली पाहतो, त्यामुळे ज्याला बंदूक लागतच नाही त्याच्यावर संशय कसा, हा प्रश्न मनात अडकून बसतो. विस्तारित आवृत्तीत भाडोत्री सैनिक ती प्रेते आगीचा झोत फेकणाऱ्या यंत्राने जाळतात, म्हणजे पाहणाऱ्याला ते काम सुपरमॅनच्या डोळ्यांतल्या उष्णतेचे वाटावे. सिनेटच्या समितीपुढे साक्ष देणारी काहिना झिरी ही बाई छोट्या आवृत्तीत एकदा बोलते आणि नाहीशी होते. लांब आवृत्तीत ती पुढे कबूल करते की तिची साक्ष पढवलेली होती, आणि त्यानंतर तिला रेल्वेगाडीपुढे ढकलून मारले जाते. खलनायक लेक्स लूथरचा कट म्हणजे काय, ते इथे कळते.

दुसरा भाग क्लार्क केंटचा, म्हणजे बातमीदार म्हणून वावरणाऱ्या सुपरमॅनचा आहे. छोट्या आवृत्तीत त्याचा बॅटमॅनवरचा राग आपण गृहीत धरायचा असतो. लांब आवृत्तीत तो संपादकाने दिलेले खेळाच्या बातमीचे काम बाजूला ठेवून बॅटमॅनच्या गॉथम शहरातल्या साध्या वस्तीत जातो आणि बॅटमॅनला रोज सहन करणाऱ्या माणसांशी बोलतो. बॅटमॅनने तापलेल्या शिक्क्याने डागलेला एक गुन्हेगार तुरुंगात मारला गेला आहे, त्याच्या मागे राहिलेल्या बाईला भेटतो. सुपरमॅन उडत नाही, ठोसे मारत नाही, हातात वही घेऊन ऐकतो. बातमीदार म्हणून त्याला काम करताना या चित्रपटात आपण खऱ्या अर्थाने इथेच पाहतो.

तिसरा, आणि तुमच्या बाबांना नक्की आवडेल असा, भाग सिनेटच्या सुनावणीच्या वेळी कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदभवनात, झालेल्या स्फोटानंतरच्या तपासाचा आहे. तिथे व्हीलचेअरवर बसून आलेल्या आणि स्फोटात मेलेल्या वॉलेस कीफच्या घरी लुईस जाते, तेव्हा तिला दिसते की त्याने नुकताच किराणा भरून ठेवला आहे. ज्याला आज मरायचे आहे हे ठाऊक आहे, तो माणूस आठवड्याचा बाजार करून ठेवत नाही. पुढे तिला हेही कळते की त्या खुर्चीत शिसे बसवले होते, म्हणून सुपरमॅनला आरपार दिसत असूनही आतला बॉम्ब दिसला नाही. छोट्या आवृत्तीत यातले काहीच नाही, त्यामुळे समोरचा बॉम्ब सुपरमॅनला कळला कसा नाही, हे कोडे तसेच राहते. खुर्चीचा उलगडा करणारी वैज्ञानिक जेना मलोन या अभिनेत्रीने साकारली आहे आणि चित्रपटगृहातल्या आवृत्तीतून ती संपूर्णच वगळली गेली.

संकलनमेज

माझे रोजचे काम संकलनाचे आहे, त्यामुळे लांब म्हणजे चांगले हा समज पसरू लागला की मला काळजी वाटते. प्रसंग काढून टाकणे हा दिग्दर्शकावरचा अन्याय असतो, अशी अनेकांची समजूत आहे. वास्तविक बहुतेक चित्रपट काढलेल्या प्रसंगांमुळेच उभे राहतात.

पर्वतीपायथा यांचा प्रतिसाद मात्र मला पटला, आणि तो ज्या कारणाने पटला तीच माझ्या मते खरी कसोटी आहे. चित्रपटातला एखादा प्रसंग पुढच्या प्रसंगाचे कारण असतो, आणि एखादा फक्त त्या जगाची शोभा वाढवणारा असतो. शोभेचा प्रसंग काढला तर प्रेक्षकाला तो होता हे कळतही नाही. कारण काढले तर परिणाम अधांतरी राहतो आणि प्रेक्षक बुचकळ्यात पडतो. या चित्रपटाच्या छोट्या आवृत्तीत हाणामारी जवळजवळ जशीच्या तशी ठेवली आहे आणि तिच्यामागची कारणे कापली आहेत. लांबी अडीच तासांच्या आसपास आणायची आणि मोठी दृश्ये सोडायची नाहीत, असे ठरवल्यावर कात्री चौकशीच्या आणि संवादाच्या प्रसंगांवरच चालणार.

याच्या नेमके उलट उदाहरण ‘एक्स-मेन : डेज ऑफ फ्युचर पास्ट’चे आहे. २०१४ सालच्या मूळ आवृत्तीतून रोग या पात्राची सुटका करण्याचे संपूर्ण उपकथानक काढून टाकले होते. २०१५ साली ‘रोग कट’ या नावाने ते परत घातले आणि सुमारे १७ मिनिटे वाढली. मूळ आवृत्तीत लोगनचे मन आपल्या शक्तीने भूतकाळात पाठवणारी किटी जखमी होते आणि तशाच अवस्थेत लोगनला भूतकाळात टिकवून धरते, त्यामुळे शेवटचा सगळा ताण तिच्या त्या दोन हातांवर असतो. लांब आवृत्तीत मंडळी जाऊन रोगला सोडवून आणतात आणि ती किटीची जागा घेते. त्या उपकथानकातला एक तुकडा फार सुंदर जुळवला आहे : म्हातारा मॅग्नेटो भविष्यात रोगला सोडवायला जातो आणि तोच मॅग्नेटो तरुणपणी, म्हणजे एरिक, भूतकाळात आपले शिरस्त्राण परत मिळवतो, ही दोन दृश्ये एकमेकांत विणली आहेत. तरीही मी पहिल्यांदा पाहणाऱ्याला छोटीच आवृत्ती दाखवीन, कारण जखमी किटी जागेवरून हलली की ताण उतरतो, आणि रोग नसल्याने पुढची एकही घटना अडत नाही. जॉन ऑटमन त्या चित्रपटाचे संकलकही होते आणि संगीतकारही. लयीची इतकी जाण असलेल्या माणसाने हा भाग काढला, याचा मान राखायला हवा.

जुनी_पेठ

मी वेगळे मत नोंदवतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याने चित्रपटगृहात लागलेली आवृत्तीच पाहावी. चित्रपट ही सार्वजनिक घटना असते. लाखो लोकांनी जो पाहिला, ज्यावर वाद झाले, ज्याची परीक्षणे छापून आली, तो चित्रपट १५१ मिनिटांचा आहे, आणि नंतर निघालेली आवृत्ती ही त्यावरची पुरवणी आहे.

शिवाय या चित्रपटाचे खरे दुखणे लांबीने बरे होत नाही. दोन्ही नायकांच्या आयांचे नाव मार्था आहे आणि ते नाव ऐकताच बॅटमॅनचा हात थांबतो, हा प्रसंग दोन्ही आवृत्त्यांत तोच आहे. ज्याला तो पटत नाही त्याला तीन तासांनंतरही पटणार नाही. सगळा चित्रपट अंधारलेला आणि जड आहे, आणि घरच्या मंडळींना आणखी अर्धा तास त्या अंधारात बसवून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

पर्वतीपायथा

जुनी_पेठ, मार्थाच्या प्रसंगाबद्दल तुमचे म्हणणे अर्धे मान्य आहे. प्रसंग तोच आहे, पण तिथवर पोचणारी वाट वेगळी आहे. लांब आवृत्तीत दोघेही कसे फसवले गेले हे प्रेक्षकाला ठाऊक असते. बॅटमॅनने डागलेली माणसे तुरुंगात मरतात ती लूथरच्या व्यवस्थेमुळे, आणि त्याच माणसांची छायाचित्रे क्लार्ककडे पोचवली जातात. म्हणून बॅटमॅनचा हात थांबतो तेव्हा त्या क्षणी एक फसवणूक संपते. छोट्या आवृत्तीत तो क्षण योगायोगावर टेकलेला वाटतो. पुरवणी म्हणावे, तर तिच्यात मूळ लेखाचा पुरावा छापलेला आहे.

अनुक्रमणिका

‘वॉचमेन’चा उल्लेख अजून आला नाही, म्हणून लिहिते. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचे १९८६–८७ मध्ये १२ अंकांत आलेले ते कॉमिक्स मी अनेकदा वाचले आहे आणि चित्रपटाच्या तिन्ही आवृत्त्या पाहिल्या आहेत : २००९ ची चित्रपटगृहातली १६२ मिनिटांची, दिग्दर्शकाची १८६ मिनिटांची, आणि ‘अल्टिमेट कट’ २१५ मिनिटांची.

मधली आवृत्ती सर्वांत चांगली आहे. तिच्यात हॉलिस मेसन या निवृत्त नायकाचा मृत्यू आहे. गुंडांची टोळी त्याच्या घरात घुसते, म्हातारा मुठी आवळून उभा राहतो, आणि प्रत्येक ठोशागणिक त्याला समोर तरुणपणी हरवलेले जुने खलनायक दिसू लागतात. ही चार-दोन मिनिटे काढली की त्याचे नाव पुढे चालवणाऱ्या नाइट आउल या नायकाचे दुःख कुठून आले ते कळत नाही. संकलनमेज यांची कसोटी इथे तंतोतंत लागू पडते.

सर्वांत लांब आवृत्तीत चाच्यांच्या जहाजाची ॲनिमेशनमधली गोष्ट मूळ चित्रपटात मधूनमधून पेरली आहे. कॉमिक्समध्ये वर्तमानपत्राच्या स्टॉलशेजारी बसलेला मुलगा ती गोष्ट वाचत असतो, आणि वाचकाची नजर एकाच पानावर दोन्ही गोष्टींतून फिरते. पानावर वेग वाचकाच्या हातात असतो, म्हणून तिथे ते साधते. पडद्यावर दर वेळी गाडी थांबवून दुसरी गाडी सुरू केल्यासारखे होते. ज्याने पुस्तक वाचले आहे त्याने ती आवृत्ती एकदा अवश्य पाहावी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मात्र ती दाखवू नये.

बालगंधर्व_चौक

आपल्याकडे हा वाद नवा नाही. संगीत नाटके एके काळी रात्रभर चालत आणि आज तीच नाटके दोन-तीन तासांत बसवली जातात. ज्या संपादकाने पदे कमी करून कथेचा धागा शाबूत ठेवला त्याचा प्रयोग नवा प्रेक्षक आनंदाने पाहतो. ज्याने लोकप्रिय पदे सगळी ठेवली आणि प्रवेश कापले, त्याच्या प्रयोगात नायक कोणावर का रुसला आहे हे तिसऱ्या रांगेतल्या तरुण प्रेक्षकाला समजत नाही. संकलनमेज जे हाणामारीबद्दल लिहितात तेच मला पदांबद्दल वाटत आले आहे.

मुठाकाठ

लांबीवरून दिग्दर्शकाचा हेतू ओळखता येत नाही, याचे एक उदाहरण सुपरमॅनच्याच घरात आहे. ‘सुपरमॅन २’चे बरेचसे चित्रीकरण रिचर्ड डॉनर यांनी पहिल्या चित्रपटाबरोबरच केले होते. नंतर त्यांना दूर करून रिचर्ड लेस्टर यांनी चित्रपट पूर्ण केला, आणि तो १२७ मिनिटांचा झाला. २००६ साली डॉनर यांची आवृत्ती निघाली ती ११६ मिनिटांची, म्हणजे मूळपेक्षा लहान. तिच्यात सुपरमॅनच्या वडिलांच्या भूमिकेतल्या मार्लन ब्रँडो यांचे वगळलेले प्रसंग परत आले.

त्या आवृत्तीतला एक प्रसंग मला फार जवळचा आहे. लुईस क्लार्कवर पिस्तूल रोखते आणि झाडते, आणि तोच सुपरमॅन आहे हे त्याच्याकडून वदवून घेते. मग सांगते की गोळी खोटी होती. हा प्रसंग डॉनर यांना प्रत्यक्ष चित्रित करता आलाच नव्हता, म्हणून कलाकारांच्या निवडीच्या वेळी घेतलेल्या चाचण्यांचे चित्रीकरण जोडून तो उभा केला आहे. दोन चाचण्या वेगवेगळ्या वेळी झाल्याने रीव्ह यांचे केस आणि अंगकाठी एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना बदलते. इतके असूनही दोघांचा अभिनय असा आहे की थोड्याच वेळात केसांकडे लक्ष जात नाही. ताम्हण, तुमच्या बाबांना रीव्ह आवडतात, तर हा चित्रपट त्यांच्यासाठी वेगळ्या दिवसासाठी राखून ठेवा.

उंबरगल्ली

‘डेअरडेव्हिल’ (२००३) विसरू नका. चित्रपटगृहात १०३ मिनिटे आणि दिग्दर्शकाच्या आवृत्तीत १३३. वाढलेल्या भागात खुनाचा एक खटला आहे, त्यामुळे नायक दिवसा वकील असतो हे पहिल्यांदा जाणवते. छोट्या आवृत्तीत तो मदतीची हाक ऐकूनही प्रेयसी इलेक्ट्राजवळ थांबतो, लांब आवृत्तीत तो निघून जातो. एवढ्या एका बदलाने माणूस वेगळा होतो. कॉमिक्समधला मॅट मर्डॉक, म्हणजे हाच नायक, दुसऱ्या आवृत्तीत सापडतो.

अनुक्रमणिका

उंबरगल्ली, अगदी बरोबर. मात्र ‘जस्टिस लीग’ला या यादीत धरू नये. २०१७ चा १२० मिनिटांचा आणि २०२१ चा २४२ मिनिटांचा, हे दोन स्वतंत्र चित्रपट मानावेत. पहिल्यासाठी जॉस व्हीडन यांनी बरेच नवे चित्रीकरण केले, आणि झॅक स्नायडर यांनी आपल्या आवृत्तीत ते घेतले नाही. तिथे प्रश्न लांबीचा राहत नाही, कोणाचा चित्रपट पाहायचा एवढाच राहतो.

सातवी_इयत्ता

मी शिक्षिका आहे, म्हणून भाच्याबद्दल लिहिते. चित्रपटगृहातल्या आवृत्तीला अमेरिकेत पीजी-१३ (तेरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांनी सावध राहावे) असे प्रमाणपत्र होते. विस्तारित आवृत्तीला हिंसेमुळे आर मिळाले आहे, म्हणजे तिथे १७ वर्षांखालील मुलाने ती पालकांबरोबर पाहावी असे अपेक्षित आहे. नैरोमीतली जाळलेली प्रेते, तुरुंगातला खून आणि गोदामातल्या मारामारीतले रक्त हा मुख्य फरक आहे. तुमचा भाचा चौदा वर्षांचा आहे आणि घरची सगळी मोठी माणसे शेजारी असणार आहेत, त्यामुळे माझी हरकत नाही. फक्त ताईंनी किंवा भावजींनी नैरोमीचा भाग आधी एकदा पाहून निर्णय घ्यावा. दहा-अकरा वर्षांचे मूल असते तर मी दोन्ही आवृत्त्या टाळायला सांगितले असते.

जुनी_पेठ

पर्वतीपायथा यांचे उत्तर वाचून मी छोटी आवृत्ती पुन्हा चाळली. चित्रपटगृहातली आवृत्ती हाच मूळ दस्तऐवज आहे, हे माझे मत कायम आहे. पण रहस्यकथेच्या वाचकाला पुरावे काढून घेतलेली कथा देऊ नये, हा मुद्दा मला मान्य करावा लागतो. तुमच्या बाबांसाठी लांब आवृत्ती लावा.

मात्र एक अट आहे. मध्यंतर ठेवा आणि ते योग्य जागी ठेवा. मी हा चित्रपट ज्या चित्रपटगृहात पाहिला तिथे एक प्रसंग चालू असताना, पात्र बोलत असतानाच, पडदा पांढरा झाला होता. परदेशी चित्रपट मध्यंतराचा विचार करून बांधलेले नसतात, त्यामुळे जागा आपणच शोधावी लागते. कॅपिटॉलचा स्फोट मध्याच्या थोडा पुढे येतो. लांब आवृत्तीत सुपरमॅन तिथल्या जखमींना बाहेर आणतो आणि मग निघून जातो. तिथे थांबा. पहिला भाग आरोपाचा आणि दुसरा सामन्याचा, अशी आपोआप विभागणी होते, आणि चहा पिताना मंडळींना बोलायला विषय मिळतो.

संकलनमेज

मध्यंतराची जागा अचूक सुचवली आहे. मी त्याच ठिकाणी थांबले असते.

ताम्हण

सर्वांचे मनापासून आभार. विस्तारित आवृत्ती लावायचे नक्की केले आहे. ताईने नैरोमीचा भाग काल पाहिला आणि भाच्याला बसू द्यायला होकार दिला. साडेसहाला सुरू करून स्फोटानंतर पंधरा मिनिटे थांबलो, तरी पावणेदहापर्यंत संपेल आणि जेवण त्यानंतर होईल. सरसकट नियम करता येत नाही हेही पटले. ‘वॉचमेन’ची १८६ मिनिटांची आणि ‘एक्स-मेन’ची छोटी आवृत्ती पुढच्या वेळेसाठी नोंदवून ठेवली आहे. एक शंका उरते : ॲपवर किंवा डिस्कवर नेमकी कोणती आवृत्ती आहे हे कसे ओळखावे? नाव सगळीकडे सारखेच दिसते.

उंबरगल्ली

नावावर जाऊ नका, लांबी पाहा. २ तास ३१ मिनिटे असेल तर छोटी, ३ तास २ किंवा ३ मिनिटे असेल तर विस्तारित. पाल या जुन्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर मात्र फसगत होऊ शकते. तिथे सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात, त्यामुळे चित्रपट सुमारे चार टक्के लवकर संपतो. छोटी आवृत्ती १४५ मिनिटांची दिसेल आणि विस्तारित १७५ मिनिटांची. खात्री करायची असेल तर सिनेटच्या साक्षीनंतर काहिना झिरी पुन्हा दिसते का, एवढे पुढे सरकवून पाहा.

मुठाकाठ

प्रोजेक्टरबद्दल आणखी एक. विस्तारित आवृत्तीची २०२१ साली नव्याने तयार केलेली प्रत तुमच्याकडे असेल, तर आयमॅक्स कॅमेऱ्याने घेतलेल्या दृश्यांत चित्राची चौकट उंच होते आणि उरलेल्या चित्रपटात ती रुंद पट्टीसारखी असते. अनेक जण सुरुवातीची रुंद पट्टी पाहून प्रोजेक्टर मोठा करून ठेवतात आणि मग उंच दृश्यांत डोकी आणि पाय पडद्याबाहेर, भिंतीवर जातात. पडदा सोळास नऊच्या पूर्ण चौकटीला जुळवून घ्या आणि वरखाली काळी जागा राहिली तर राहू द्या.